बर्फातलं लपण कसं निवडावं: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात बर्फ पडत नाही. जानेवारीत पारा आठ-नऊ अंशांवर उतरला की आपण मफलर काढतो आणि सराफ्यात गराडूच्या कढईभोवती गर्दी करतो, एवढाच आपला हिवाळा. तरीही दिवाळी झाली की उत्तराखंड-हिमाचलच्या बर्फात पक्षी-प्राणी बघायला जाणाऱ्यांचे मला फोन सुरू होतात. "काका, चोपत्याला चाललोय, तुमचा तो तंबू देता का?" "स्पीतीला कोणता हाइड न्यावा?" रविवारी सकाळी सिरपूर तलावावर दुर्बीण डोळ्याला लावली की मागून कोणीतरी हेच विचारतं. माझ्याकडे दोन लपणं होती. त्यातलं एक मोडक्या छत्रीच्या रूपात परत आलं, आणि ते मोडणारा मीच होतो. तेव्हापासून दिलेली उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत.

लपण म्हणजे काय? हाइड, ब्लाइंड आणि मचाण यांत फरक काय?

लपण म्हणजे जमिनीवर बसून, आपण न दिसता, प्राणी-पक्षी बघण्याचा आडोसा. फोटो काढणारे त्याला हाइड म्हणतात आणि अमेरिकेतले शिकारी ग्राउंड ब्लाइंड. वस्तू तीच. मचाण झाडावर असतं, लपण जमिनीवर. पूर्वी दगडमातीची लपणं बांधत. रालामंडलच्या टेकडीवर होळकरांची शिकारगाह आहे, ती बहुतेकांनी पाहिली असेल. राजेरजवाड्यांना पक्की इमारत परवडायची. आपल्याला सहा-सात किलोचा घडीचा तंबू पुरतो, पण तो बर्फात टिकला पाहिजे.

हे शिकारीसाठी वापरता येईल का?

भारतात नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या कलम ९ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. आणि कायद्यातली शिकारीची व्याख्या नुसत्या बंदुकीपुरती नाही. जनावराला पकडणं, हाकणं, सापळा लावणं आणि आमिष दाखवणं हेही तिच्यात येतं. त्यामुळे "शिकार नाही हो, फक्त फोटोसाठी थोडं मटण टाकतो" असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. अभयारण्यात छायाचित्रणासाठी शिरायचं तर कलम २८ खाली परवानगी लागते, आणि तंबू ठोकण्याबद्दल तिथल्या वनाधिकाऱ्याला वेगळं विचारावं लागतं. चोपत्याच्या आसपासचा बराच भाग केदारनाथ अभयारण्यात मोडतो.

ज्यांचे नातेवाईक परदेशात रीतसर परवाना काढून शिकार करतात, त्यांच्यासाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

सिरपूरला वापरतो तेच लपण बर्फात का चालणार नाही?

सिरपूरला तुमच्या तंबूच्या छतावर फार तर बगळ्याची शीट पडते. बर्फात छतावर वजन पडतं, आणि ते आवाज न करता वाढत जातं.

हिशेब करून बघा. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद छत म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. त्यावर वीतभरापेक्षा कमी, पंधरा सेंटिमीटर बर्फ साठला असं धरा. कडाक्याच्या थंडीतला ताजा, भुरभुरीत बर्फ घनमीटरला साधारण शंभर किलो भरतो, म्हणजे छतावर चौतीस किलो झाले. तोच बर्फ ओला असेल, शून्य अंशाच्या आसपास पडणारा आणि मुठीत दाबला की लाडू वळणारा, तर घनमीटरला तीनशे किलो सहज भरतो. म्हणजे छतावर शंभर किलो. मंडीतलं सोयाबीनचं क्विंटलभर पोतं तंबूवर ठेवल्यासारखं. कोणताही घडीचा तंबू हे सोसणार नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

मी हे चोपत्याला शिकलो. मार्चचा पहिला आठवडा होता आणि मोनाल पक्ष्यासाठी गेलो होतो. आदल्या संध्याकाळी लपण लावून ठेवलं, म्हणजे पक्ष्यांना सवय होईल. रात्री ओला बर्फ पडला. पहाटे पाचला टॉर्च घेऊन गेलो तर लपणाच्या जागी एक पांढरा उंचवटा आणि त्यातून वर आलेली एक काडी. बरोबरच्या मित्राला आधी वाटलं की आपण वाट चुकलो.

म्हणून माझा एकच आग्रह असतो. लपण घेताना छत आणि सांधे बघा. छपाई कितीही झाडापानांची असो, बर्फाला ती वाचता येत नाही.

हबवाला घ्यावा की फेकताच उघडणारा?

बर्फासाठी हबवाला.

फेकताच उघडणाऱ्यात स्टीलच्या पट्टीचं एक मोठं कडं असतं. पिशवीतून काढलं की फटकन उघडतं. बघायला गंमत, घडी घालायला शिक्षा. हातमोजे घालून त्या पट्टीचा आठाचा आकडा वळवणं मला आजवर जमलेलं नाही. शिवाय त्याचं छत सपाट आणि सैल असतं, त्यात बर्फाचं डबकं होतं.

हबवाल्यात प्रत्येक भिंतीच्या आणि छताच्या मध्यावर एक गोल तुकडा असतो, तो हब. त्यातून चार काड्या कोपऱ्यांकडे जातात. हब बाहेर ओढला की काड्या वाकतात, कापड ताणलं जातं आणि भिंत ढोलासारखी घट्ट होते. ताण आहे तोवर ताकद आहे. पण छताच्या हबवर वरून पुरेसं वजन आलं की तो एका झटक्यात आत वळतो, वाऱ्यात छत्री उलटी होते तसा. त्याच झटक्यात काडी हबच्या खाचेपाशी मोडते किंवा कोपऱ्यातला कापडी खिसा फाटतो. दुकानात बघायच्या जागा याच दोन: काडी जिथे हबमध्ये शिरते ती खाच, आणि कोपऱ्यातले खिसे. खिशावर दुहेरी कापड आणि आडवी-उभी शिवण हवी. एकेरी शिवण दिसली तर तंबू परत ठेवून द्या.

काड्या कोणत्या हव्यात?

बहुतेक काड्या फायबरग्लासच्या असतात. आठ मिलिमीटरच्या काड्या बागेत बसायला ठीक. बर्फासाठी अकरा मिलिमीटरच्या आसपास हव्यात. अॅल्युमिनियमच्या मिळाल्या तर उत्तम, कारण त्या आधी वाकतात आणि वाकलेली काडी संध्याकाळपर्यंत काम देते. फायबरग्लास मात्र चिरून मोडतो, आणि त्याची कुसळं बोटात गेली की थंडीत कळतही नाही. रात्री गरम पाण्यात हात घातल्यावर कळतं.

"६०० डी" म्हणजे काय? जास्त आकडा म्हणजे जास्त टिकाऊ का?

डी म्हणजे डेनिअर. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ६०० डेनिअर म्हणजे तेवढा धागा सहाशे ग्रॅम भरतो. आकडा वाढतो तसा धागा जाड होतो. १५० चं कापड पातळ, ३०० चं कामचलाऊ, ६०० चं दणकट आणि जड.

आकड्याइतकंच धाग्याचं वाणही बघा. नायलॉन पाणी पितो आणि ओला झाला की सैल पडतो, म्हणजे सकाळी ताणलेलं छत दुपारी झोळी होतं. पॉलिएस्टर पाणी फारसं पीत नाही आणि उन्हातही जास्त टिकतं. बर्फावरून उलटणाऱ्या उन्हाचा मारा दुहेरी असतो, म्हणून पॉलिएस्टर बरा. पीव्हीसीचा जाड थर दिलेलं कापड टाळा. इंदुरात ते मऊ लागतं, उणे पंधराला पुठ्ठ्यासारखं होतं आणि घडीवर तडकतं.

आवाज हा कापडाचा दुसरा दोष. थंडीत स्वस्त कापड पापडासारखं कडकडतं. बर्फाळ दरीत इतकी शांतता असते की तुमची कोपर भिंतीला घासली तरी समोरचा कोल्हा मान वळवतो. आतून लवदार, ब्रश केलेलं कापड असेल तर हा त्रास कमी.

पाणी अडवणारं कापड किती महत्त्वाचं?

कुठे जाता त्यावर आहे. जानेवारीत स्पीतीत किब्बरला, म्हणजे चार हजार मीटरच्या वर, बर्फ इतका कोरडा असतो की झटकला की गेला. तिथे हवा खेळणं महत्त्वाचं. मार्चमध्ये चोपत्याला, सत्ताविसशे मीटरच्या आसपास, तोच बर्फ अंगावर पडताच पाणी होतो. तिथे छताच्या शिवणींवर पट्टी मारलेली हवी.

चेन गोठते म्हणतात, खरं का?

खरं. श्वासाची वाफ चेनीच्या दातांवर बसते आणि गोठते. बारीक दातांची चेन आधी अडते, म्हणून दाराला जाड दातांची चेन बघा. निघण्यापूर्वी दातांवर साधी मेणबत्ती घासा. तेल लावू नका, त्यात धूळ बसते. ओढणीला दोरीचा लांब फास बांधा, म्हणजे हातमोजा न काढता ओढता येईल. खिडक्यांना वेल्क्रो असेल तर दोन तक्रारी: त्याच्या काट्यांत बर्फ भरला की ते चिकटत नाही, आणि चिकटलं तर उघडताना सगळ्या दरीला कळतं. हुक आणि लवचीक फास किंवा चुंबकाच्या खिडक्या बऱ्या.

पांढरंच लपण घ्यावं का?

जमिनीवर सलग बर्फ असेल तर पांढरा अभ्रा चढवा. खडक, झुडपं आणि मधे मधे बर्फ असेल, आणि आपल्याकडे बहुतेक असंच असतं, तर राखाडी-तपकिरी लपणावर जुनी पांढरी चादर अर्धवट टाकली तरी पुरते. सरळ कडा मोडणं महत्त्वाचं. निसर्गात चौकोन नसतो. काटक्या, वाळकं गवत आणि थोडा बर्फ लपणाच्या पायथ्याशी आणि कोपऱ्यांवर लावा. जिवंत फांद्या तोडू नका.

चादर धुताना पांढरेशुभ्र कपडे देणारी साबणाची पावडर वापरू नका. त्यातली चमक आणणारी द्रव्यं अतिनील किरण शोषून निळसर उजेड टाकतात, आणि ताजा बर्फ तर अतिनील किरण परतवतो. आपल्याला दोन्ही पांढरे दिसतात. पक्ष्यांना अतिनील दिसतं, त्यांना तुमची चादर बर्फापेक्षा वेगळी दिसते.

पण रंगापेक्षा माणसं पकडली जातात ती खिडकीत. बर्फाचा उजेड खालून, बाजूने, सगळीकडून येतो. मागची खिडकी उघडी राहिली की तुमची आकृती सिनेमाच्या पडद्यावर दिसावी तशी दिसते. आतलं कापड काळं हवं, मागच्या खिडक्या बंद हव्यात, आणि लपण बाहेरून पांढरं असलं तरी आत बसणाऱ्याचे कपडे आणि हातमोजे काळे हवेत. नवा माणूस हमखास पांढरं जॅकेट घालून येतो.

बर्फात खुंट्या धरत नाहीत. मग तंबू बांधायचा कशाला?

पिशवीत येतात त्या तारेच्या खुंट्या घरी ठेवा, कुंडीतल्या वेलीला आधार द्यायला कामी येतात.

खोल बर्फ असेल तर पिशवी पुरायची. वीतभर लांबीच्या कापडी पिशव्या घ्या, आपल्या किराणा दुकानात मिळतात तशा. त्यात बर्फ ठासून भरा, तोंडाला तणाव्याची दोरी बांधा, फूटभर ते दीड फूट खड्ड्यात आडवी पुरा, वरून बर्फ टाकून बुटाने तुडवा आणि अर्धा तास हात लावू नका. तुडवलेल्या बर्फाचे कण एकमेकांना चिकटून घट्ट होतात, मग ती पिशवी हिसका मारूनही निघत नाही. घाई करणाऱ्याची निघते. संध्याकाळी सोडवताना दोरी दगडासारखी होते, म्हणून सरकगाठच मारा.

बर्फ पातळ आणि खाली गोठलेली जमीन असेल तर स्टीलचे वीतभर लांब जाड खिळे आणि एक हातोडी. दगड मुबलक असतील तर दोरी दगडाला. लपण घेताना हे बघा की तणावे बांधायचे फास भिंतींच्या हबवरही आहेत का. नुसते कोपरे बांधले तर जोराच्या वाऱ्यात भिंत आत वळते.

लपण लावण्यापूर्वी जागा पायांनी तुडवून सपाट करा. नाहीतर स्टूल एका बाजूने खचत जातं आणि तासाभराने तुम्ही तिरके बसलेले असता. ट्रायपॉडच्या पायांखाली प्लायवुडचे तुकडे ठेवा. आमच्यातल्या एकाने घरातला जुना पोळपाट आणला होता. हसलो खरे, पण त्याचाच कॅमेरा दिवसभर हलला नाही.

इंदुरात बर्फ नाही, मग घेण्यापूर्वी पारख कशी करायची?

हा माझा आवडता प्रश्न, कारण इंदुरात बसून बरंच काही करता येतं.

पहिली परीक्षा फ्रीझरची. घरातला फ्रीझर साधारण उणे अठरा अंशांवर असतो, म्हणजे स्पीतीची रात्र फुकट मिळते. तंबूबरोबर आलेलं सुटं बकल, काडीतल्या लवचीक दोरीचा तुकडा आणि कापडाचा नमुना पिशवीत घालून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेर काढताच बकल दहा वेळा उघडझाप करा, कापडाची घडी घालून नखाने दाबा, दोरी ताणा. बकल टिचलं किंवा घडीवर पांढरी रेघ उमटली, तर तुम्हाला पाहिजे ती माहिती मिळाली. घरच्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे मटारच्या पाकिटाशेजारी तंबूचा तुकडा सापडला, त्यावर बरंच बोलणं झालं.

दुसरी परीक्षा गोधडीची. आमच्या लोकमान्य नगरच्या गच्चीवर मी लपण उभं करतो आणि छतावर भिजवलेली जुनी गोधडी पसरतो. विटा ठेवू नका, त्यांचं वजन एका जागी येतं. ओली गोधडी बर्फासारखी सगळीकडे सारखी बसते आणि पाणीही झिरपवते. एक झाली की दुसरी. प्रत्येक गोधडी आधी काट्यावर तोला म्हणजे हिशेब राहतो. वीस-पंचवीस किलोवर छताचा हब आत वळला नाही, तर लपण बरं. पाणी कुठून गळतं तेही आत बसून कळतं.

तिसरी परीक्षा हातांची. डोळ्यांवर पट्टी, हातात जाड मोजे, आणि लपण उभं करून परत पिशवीत घाला. पहाटेच्या अंधारात थंडीने बधिर झालेल्या बोटांनी हेच करायचं असतं. शेजारी हसतील. त्यांना पोहे-जलेबी खाऊ घाला.

लपण रात्रभर लावून ठेवावं का?

शक्यतो नाही. ठेवायचंच असेल तर छताचा हब स्वतःच आत ओढून छत पाडून ठेवा. बर्फाने झटक्याने उलटवण्यापेक्षा आपण हळूच उलटवलेलं बरं, काड्या वाचतात. बसलेले असताना बर्फ पडू लागला तर दर अर्ध्या तासाने आतून हाताच्या पंजाने छत हलकेच थोपटा. मधोमध टेकू म्हणून ट्रेकिंगची काठी उभी करा आणि तिच्या मुठीला टेनिसचा चेंडू अडकवा, म्हणजे हबला टोचणार नाही. एवढ्या एका चेंडूने चोपत्याचं माझं लपण कदाचित वाचलं असतं.

आतल्या आत दंव पडतं. काय करावं?

दोन माणसं चार तास श्वास सोडतात, त्याची वाफ छताला चिकटते, गोठते, आणि कोणी खोकलं की लेन्सवर हिमवर्षाव होतो. वरची एक छोटी खिडकी आणि वाऱ्याच्या उलट बाजूला खालची एक फट कायम उघडी ठेवा. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं की दंव वाढतं. तोंडावरून मफलर घ्या आणि श्वास खाली सोडा, व्ह्यूफाइंडरवर नको.

कॅमेऱ्याबद्दल दोनच गोष्टी. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. आणि खोलीवर परतताना कॅमेरा बाहेरच हवाबंद पिशवीत घालून मग आत न्या, तासभर उघडू नका.

आत शेगडी किंवा गॅस हीटर चालेल का?

नाही. कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह, गॅस हीटर, काहीही नाही. बंद कापडी खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने माणूस झोप आल्यासारखा जातो. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे ज्योत नीट जळत नाही आणि हा वायू जास्तच होतो. परदेशात काही जण ऑक्सिजन कमी झाला की बंद पडणारे हीटर वापरतात, पण ते उंचावर मधेच विझतात.

पायांखाली पाणी न पिणाऱ्या, बंद कप्प्यांच्या फोमची चटई टाका, पोटाशी गरम पाण्याची रबरी पिशवी धरा, मोज्यांत लोखंडाच्या भुकटीच्या उबपुड्या ठेवा. बुडाखालून येणारी थंडी सर्वांत वाईट, म्हणून स्टुलावरही फोम टाका.

हिमबिबट्यासाठी लपण लागतं का?

बहुधा नाही, आणि हे ऐकून लोक नाराज होतात. हिमबिबट्या दिसतो तो समोरच्या डोंगरावर, अर्धा-एक किलोमीटरवर. स्थानिक वाटाडे दुर्बिणीने शोधतात आणि तुम्ही सगळे उघड्यावर उभे असता. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे आढळले, त्यांतले ४७७ लडाखमध्ये. एवढ्या मोठ्या मुलखात एवढी थोडी जनावरं, तिथे एका जागी तंबू ठोकून बसण्यापेक्षा वाटाड्याचे डोळे मोलाचे. लपण उपयोगी पडतं ते मोनाल, हिमकोंबडे, कोल्हा आणि पाणवठ्यावर येणाऱ्या छोट्या पक्ष्यांसाठी.

बर्फावरच्या मासेमारीचा तंबू वापरला तर?

चांगली कल्पना, माझ्या मते शिकारी लपणापेक्षा बरी. गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरणारे लोक हबवालेच तंबू वापरतात, पण ते बर्फासाठीच शिवलेले असतात. काही दुहेरी, रजईसारख्या भिंतींचे असतात. तळाशी बाहेरच्या बाजूला झालर असते, तिच्यावर बर्फ लोटला की खालून वारा येत नाही आणि तंबूही धरून राहतो. दोष दोन: रंग बहुधा लाल किंवा निळा, आणि खिडक्या उंचावर. रंगावर चादर टाकता येते. खिडकी खाली कापायची तर शिवणारा हुशार हवा.

भाचा विस्कॉन्सिनला असतो, तिथे परवान्याने हरणाची शिकार करतो. त्याच्यासाठी काय वेगळं?

टिकाऊपणाचे वरचे सगळे नियम तेच. तिथे बंदुकीचा हरणांचा नऊ दिवसांचा हंगाम नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि तेव्हा बर्फ असू शकतो. बाकी फरक असे.

भडक नारिंगी रंग अंगावर लागतोच, पण लपणाच्या आतला माणूस बाहेरच्या शिकाऱ्याला दिसत नाही. म्हणून विस्कॉन्सिनमध्ये राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या सार्वजनिक जमिनीवर बंदुकीच्या हंगामात लपणाच्या बाहेरही १४४ चौरस इंच, म्हणजे एक चौरस फूट, भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड सर्व बाजूंनी दिसेल असं लावावं लागतं. पांढरं लपण बर्फात विरून जातं, तेव्हा हा नियम नसता तरी लावायला हवं होतं. इतर राज्यांचे नियम वेगळे, त्याने आपल्या परवान्याबरोबरची पुस्तिका वाचावी.

बंदूक असेल तर नळीचं तोंड खिडकीबाहेर राहील एवढी खिडकी हवी, नाहीतर बार आतच घुमतो आणि कानाची वाट लागते. बाण असेल तर खिडकीच्या जाळीतून मारता येतो, पण टोकाला साधं, न उघडणारं पातं असलेलाच. उघडणारी पाती जाळीला लागताच उघडतात आणि बाण भरकटतो. जाळी बदलता येते का ते आधी बघावं. आणि हरीण नव्या वस्तूला बिचकतं, त्यामुळे लपण काही दिवस आधी लावावं लागतं. म्हणजे रोज जाऊन छतावरचा बर्फ झाडणं आलं. त्याला माझा सल्ला, रोज जाणं जमणार नसेल तर फायबरग्लासची पक्की पेटी घ्यावी आणि तंबूचा नाद सोडावा.

इंदूरहून नेणार कसं?

हबवाला तंबू घडी केल्यावर सव्वा मीटरपर्यंत लांब होतो. रेल्वेत बर्थखाली मावतो. विमानात लांबीची आणि वजनाची अडचण येते, तिकीट काढण्यापूर्वी विचारा. स्टोव्हचे गॅसचे डबे विमानातही चालत नाहीत, रेल्वेतही नाहीत. लोखंडी खिळे आणि हातोडी हातातल्या बॅगेत ठेवू नका.

इथेच शिवून घेता येईल का?

येईल. आपल्याकडे तिरपाल शिवणारे (पुण्यातले पाहुणे ताडपत्री म्हणतात) जाड कापडावर हात बसलेले लोक आहेत. अभ्रा, झालर, बर्फ भरायच्या पिशव्या आणि कोपऱ्यांचे दुहेरी खिसे त्यांच्याकडून उत्तम होतात. हब आणि काड्यांचा सांगाडा मात्र तयारच घ्या. मी एकदा पीव्हीसी पाइपचा सांगाडा केला होता. थंडीत पाइप काचेसारखा तुटतो, यापेक्षा जास्त सांगत नाही.

वाटेत काडी मोडली तर?

काडीवर सैल बसेल अशी वीतभर अॅल्युमिनियमची नळी बरोबर ठेवा, मोडलेल्या जागेवर सरकवा आणि दोन्ही टोकांना दोरी गुंडाळा. चिकटपट्टी थंडीत चिकटत नाही, म्हणून ती खिशात गरम ठेवून मग वापरा. प्लास्टिकचे टाय थंडीत टिचतात.

परत आल्यावर काय काळजी घ्यायची?

ओला तंबू पिशवीत राहिला की पंधरा दिवसांत आतल्या थराला चिकटपणा येतो आणि वास सुटतो. गच्चीवर सावलीत दोन दिवस सुकवा. मग सैल घडी करून माळ्यावर टाका, पण उंदरांचा बंदोबस्त करून. खिशात विसरलेली शेव त्यांना बरोबर सापडते, आणि शेवेपर्यंत पोचायला ते कापडातूनच रस्ता काढतात.

तुमचं लपण उसनं मिळेल का?

मिळेल, एकच उरलं आहे. नेण्यापूर्वी एका रविवारी सिरपूरहून परतताना आमच्या गच्चीवर यायचं, डोळ्यांवर पट्टी बांधून ते उभं करायचं आणि घडी करून पिशवीत घालायचं. गोधड्या मी भिजवून ठेवतो.